रिडॅन : मूळ रचना आणि तिच्या प्रतिरचना

बहुतेक मैदानी खेळांची क्रीडांगणे मोजमापांनी बांधलेली असतात. क्रिकेटची खेळपट्टी मुंबईत असो वा मेलबर्नमध्ये, तिची लांबी बावीस यार्डच असते. गोल्फ हा या बाबतीत अपवाद होय. भोकाचा व्यास सव्वाचार इंच असावा आणि पूर्ण मैदानाचे भाग अठरा असावेत, एवढ्या नियम-संकेतांपलीकडे या खेळाने भूमीच्या आकारावर जवळजवळ कोणतेच बंधन घातलेले नाही. इंग्रजीत त्या चिमुकल्या भोकालाही 'होल' म्हणतात आणि जेथून पहिला टोला मारावयाचा त्या जागेपासून, म्हणजे 'टी'पासून, भोकापर्यंत पसरलेल्या शेकडो यार्डांच्या पट्ट्यालाही 'होल'च म्हणतात. अवयवाच्या नावाने अवयवीचा निर्देश करणारी ही लक्षणा इंग्रजी खेळाडूला जाणवतही नाही. मराठीतील 'भोक' या शब्दाला मात्र तो भार पेलत नाही. म्हणून येथे पट्ट्याच्या अर्थी 'होल' हाच शब्द ठेवला आहे.

भूमीवर बंधन नाही, म्हणून प्रत्येक होल ही एक स्वतंत्र व्यक्ती ठरते. तिला नाव मिळते, कीर्ती मिळते, आणि कीर्तीमागोमाग अनुकरणही येते. बावीस यार्डांच्या खेळपट्टीची कोणी नक्कल केली असे म्हणण्यात अर्थ नाही. परंतु एखाद्या नामांकित होलचा गौरव करण्यासाठी दुसऱ्या भूमीवर, दुसऱ्या हवामानात, तसेच होल रचता येते, आणि मग 'तसेच' म्हणजे नेमके कसे हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचा सर्वांत बोधक इतिहास स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिक येथील 'रिडॅन' या होलचा आहे.

एडिंबरोच्या पूर्वेस, ईस्ट लोदियन परगण्याच्या किनाऱ्यावर नॉर्थ बेरिक हे गाव आहे. तेथील गोल्फ क्लब १८३२ चा. त्या मैदानातील पंधरावे होल ते रिडॅन. त्याची लांबी सुमारे १९० यार्ड. म्हणजे टीवरून एकाच टोल्यात ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पोचण्याची अपेक्षा असणारे हे होल. हे ग्रीन खेळाडूच्या समोर सरळ पडलेले नाही, ते तिरपे आहे. त्याचे जवळचे टोक उजवीकडे आणि दूरचे टोक डावीकडे. शिवाय त्याचा कल खेळाडूकडे नसून खेळाडूपासून दूर, पुढच्या उजव्या कोपऱ्यातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे उतरत गेलेला. डाव्या अंगाला, ग्रीनच्या लांब बाजूच्या पायथ्याशी, एक खोल बंकर आहे. निशाण डावीकडे असले आणि खेळाडूने थेट निशाणावर नेम धरला, तर चेंडू त्या बंकरवरून जावयास हवा. आणि गेलाच, तरी पलीकडे उतरणाऱ्या जमिनीवर तो थांबण्याची शाश्वती नाही. याउलट, उजव्या खांद्यावर टप्पा पाडून चेंडूला उतारावर सोडून दिले, तर जमीनच त्याला वळवीत निशाणाकडे नेते. सरळ मार्ग धोक्याचा आणि वाकडा मार्ग शहाणपणाचा. परंतु वाकड्या मार्गासाठी उताराचा अचूक अंदाज लागतो, आणि उजवीकडे फार गेलेल्या चेंडूचीही गय होत नाही. भर म्हणून टी आणि ग्रीन यांच्या दरम्यान एक टेकाड आडवे पडले आहे. त्यामुळे ग्रीनचा बहुतेक भाग टीवरून दिसतच नाही.

होलला आजचे रूप देण्याचे श्रेय सामान्यतः डेव्हिड स्ट्रॅथ याला देतात. हा सेंट अँड्र्यूजचा नावाजलेला खेळाडू. १८७६ च्या ओपन स्पर्धेत पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी झाली असता पुन्हा खेळण्यास त्याने नकार दिला आणि विजेतेपद घालविले. अशा हट्टी माणसाच्या नावावर असे हट्टी होल असावे यात नवल नाही.

आता नावाकडे वळू. क्रिमियन युद्धात (१८५३-५६) सेव्हास्टोपोलच्या वेढ्यामध्ये रशियनांच्या संरक्षण-रेषेतील एका बळकट मोर्चाला इंग्रज 'ग्रेट रिडॅन' म्हणत. १८ जून १८५५ आणि ८ सप्टेंबर १८५५ असे दोन वेळा इंग्रज फौजांनी त्यावर हल्ला चढविला. मोकळ्या जमिनीवरून बरेच अंतर धावत जावे लागल्यामुळे दोन्ही वेळा त्यांची फार हानी झाली आणि दोन्ही हल्ले फसले. दुसऱ्या हल्ल्याच्याच दिवशी फ्रेंचांनी मालाकॉफ जिंकला, आणि त्या रात्री रशियनांनी शहराचा दक्षिण भाग सोडला. क्रिमियातून परतलेल्या एका अधिकाऱ्याला नॉर्थ बेरिकचे हे ग्रीन पाहून त्या मोर्चाची आठवण झाली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी नावाचे मूळ निःसंशय तेथेच आहे.

दुर्गरचनेच्या परिभाषेत रिडॅन म्हणजे तटाच्या पुढे त्रिकोणी टोक काढून बांधलेला, पाठीमागे उघडा असणारा मोर्चा. हा आपला बुरूज नव्हे. बुरूज सर्व बाजूंनी बंदिस्त असतो. शब्द फ्रेंच आहे. त्याचे जुने रूप 'रदां' असेच उच्चारले जाई, परंतु लिहिताना शेवटी 'दांत' या अर्थाचा फ्रेंच शब्द स्पष्ट दिसे: करवतीच्या दात्यांसारखी पुढेमागे होत जाणारी रेषा, असा त्याचा अर्थ. तो फ्रेंच शब्द लॅटिनमधील 'देन्स, देन्तिस' यापासून आलेला, आणि लॅटिन शब्द संस्कृत 'दन्त' याचा सगोत्र. भूगोलाच्या पुस्तकात किनाऱ्याला 'दंतुर' म्हणतात, तीच प्रतिमा येथे तटाला लावलेली आहे.

हा शब्द रणांगणावरून क्रीडांगणावर आला. याच खेळातील दुसऱ्या एका शब्दाने नेमका उलटा प्रवास केला आहे. 'बंकर' हा शब्द आज मराठी वाचकाला युद्धवार्तांमुळे परिचित आहे. मूळचा तो स्कॉट बोलीतील, बाकाचा किंवा पेटीसारख्या बैठकीचा वाचक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोल्फमधील वाळूच्या खड्ड्याला तो लागला. आणि जमिनीखालच्या लष्करी निवाऱ्याचा अर्थ त्याला विसाव्या शतकात आला. मराठीतील 'मोर्चा' शब्दाची गतही पाहण्यासारखी आहे. बखरींतील मोर्चे तोफांचे असत आणि ते एका जागी बांधले जात. आजचे मोर्चे रस्त्यावरून चालतात. युद्ध आणि नागरी जीवन यांच्यामधील शब्दांची ये-जा सर्व भाषांत चालू असते. रिडॅनच्या बाबतीत विशेष हा की शब्दामागोमाग एक भूमिरचनाही प्रवासास निघाली.

नॉर्थ बेरिकचे ग्रीन त्या मोर्चासारखे दिसते काय? फारसे नाही. मोर्चाला दोन बाजू जुळून झालेले टोक असते. येथे एकच तिरपी बाजू प्रतीत होते. साम्य आकारात नसून व्यापारात आहे: समोरून धावून गेलेल्याचा नाश, आणि बगलेने जाणाऱ्याला वाव. म्हणजे ज्याला पुढे 'मूळ' म्हणून पुजले गेले, ते होलही नावापुरते तरी दुसऱ्या कशाचे तरी रूपकच होते. अनुकरणाच्या इतिहासात ही गोष्ट विसरली जाते.

अनुकरणाचा खरा आरंभ चार्ल्स ब्लेअर मॅक्डॉनल्ड याच्यापासून होतो. जन्म १८५५, कॅनडातील नायगरा फॉल्स येथे, बालपण शिकागोत. १८७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, आजोबांजवळ राहून विद्यापीठात शिकण्यासाठी त्याला सेंट अँड्र्यूजला पाठविण्यात आले. विद्यापीठापेक्षा तेथील मैदानातच तो अधिक शिकला. १८७४ मध्ये अमेरिकेस परतला तेव्हा तेथे गोल्फ जवळजवळ नव्हतेच. पुढे शिकागो गोल्फ क्लबाच्या स्थापनेत त्याने पुढाकार घेतला आणि १८९५ मध्ये अमेरिकेतील पहिली अधिकृत हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. अमेरिकेतील तत्कालीन मैदाने त्याला हलक्या प्रतीची वाटत, आणि ते बोलून दाखविण्यात त्याने कधी संकोच केला नाही.

१९०१ मध्ये लंडनच्या 'गोल्फ इलस्ट्रेटेड' या साप्ताहिकाने नामवंत खेळाडूंना उत्कृष्ट होल कोणते असा प्रश्न विचारला. ती चर्चा वाचून मॅक्डॉनल्डच्या मनात एक योजना आकारास आली: ब्रिटनमधील निवडक होलांच्या आधारे अमेरिकेत एक आदर्श मैदान उभारावयाचे. १९०२, १९०४ आणि १९०६ मध्ये त्याने ब्रिटनचे दौरे केले. आराखडे, मोजणीचे नकाशे, रेखाटने जमविली. प्रत्येकी एक हजार डॉलर देणारे सत्तर वर्गणीदार गोळा करण्याचा बेत १९०४ मध्ये ठरला. लाँग आयलंडवरील साउदॅम्प्टनजवळ शिनेकॉक टेकड्यांच्या शेजारी २०५ एकर जमीन घेण्यात आली. १९११ मध्ये 'नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका' या नावाने त्या मैदानाचे रीतसर उद्घाटन झाले. त्यातील चौथे होल रिडॅन.

अठराही होल अशी घ्यावयाची ही मूळची महत्त्वाकांक्षा. परंतु प्रत्यक्षात थेट अनुकृती म्हणता येतील अशी मोजकीच होल उतरली: प्रेस्टविकचे आल्प्स, सँडविचचे सहारा, सेंट अँड्र्यूजची ईडन व रोड, आणि रिडॅन. उरलेली मिश्र किंवा सर्वस्वी नवी आहेत. हा बदल जमिनीने घडवून आणला. मॅक्डॉनल्ड आणि त्याचा जावई हेन्री व्हिगॅम (१८९६ व १८९७ चा हौशी अजिंक्यवीर) यांनी झुडपांनी भरलेली ती जागा घोड्यांवरून धुंडाळली, आणि कोणते होल कोठे बसेल हे आधी शोधले. मॅक्डॉनल्डने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत रिडॅनची जागा *सापडली* असे सांगितले आहे, बनविली असे नव्हे. अनुकरण करणारा माणूस नकाशा हातात घेऊन त्याला योग्य भूमी शोधीत हिंडतो, हे दृश्य अनुकरणाच्या रूढ कल्पनेशी विसंगत आहे.

१९१४ मध्ये या दोघांनी एका अमेरिकन गोल्फ-नियतकालिकात रिडॅनचे लक्षण दिले. त्यात अरुंद पठार, उजवीकडून डावीकडे अल्पसा कल, पुढील अंगाचा खोल बंकर आणि तिरकी चढाई हे चारच घटक येतात. समुद्र नाही, वाळूच्या टेकड्या नाहीत, अंतराचा आकडासुद्धा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नॉर्थ बेरिकचे टेकाड नाही. लाँग आयलंडवरील रिडॅनमध्ये टीवरून ग्रीन आणि त्याचा कल दिसतो. स्कॉटिश होलवर प्रथमच येणाऱ्याला जे कोणीतरी सांगावे लागते, ते अमेरिकन होलवर डोळ्यांना दिसते, आणि तरीही टोला सोपा होत नाही. मूळ होलचा एक ठळक विशेष येथे जाणूनबुजून गाळला आहे, आणि याच कारणाने ही प्रतिरचना मूळापेक्षा सरस आहे असे अनेक जाणकारांनी म्हटले आहे. हे मत पूर्णपणे मान्य करणे कठीण आहे. टेकाडामुळे मूळ होलमध्ये खेळाडूला स्मरणावर आणि विश्वासावर विसंबावे लागते. तो अनुभव गाळल्याने रचना स्वच्छ झाली, पण एका परीने उथळही झाली. तथापि मॅक्डॉनल्डने काय राखले आणि काय सोडले हे त्याला नेमके ठाऊक होते, एवढे निर्विवाद. भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद मराठी रंगभूमीच्या अभ्यासकाला नवा नाही. नॅशनलचे रिडॅन हे रूपांतर होय.

वरील लक्षणाला तर्कशास्त्रातील कसोटी लावली, तर त्यात अव्याप्तीचा दोष निघतो. डावीकडून उजवीकडे कल असलेली, म्हणजे आरशातील प्रतिबिंबासारखी उलटी होलही पुढे रचली गेली, आणि त्यांनाही 'उलटे रिडॅन' म्हणून त्याच कुळात घेण्यात आले. यावरून 'उजवीकडून डावीकडे' हा घटक आवश्यक नव्हता, तिरपेपणा आणि दूर उतरणारा कल यांचा परस्परसंबंध आवश्यक होता, असे निष्पन्न होते. येथपर्यंत आल्यावर रिडॅन हे विशेषनाम उरलेले नाही. इंग्रजीत त्याच्यामागे 'एक' या अर्थाचे उपपद येऊ लागले, अनेकवचन होऊ लागले. पैठणी येवल्याच्या मागावर विणली तरी ती पैठणीच असते. तसेच हे झाले.

हे सामान्यनाम रूढ करण्यात सर्वांत मोठा वाटा सेथ रेनर (१८७४-१९२६) याचा. हा साउदॅम्प्टनचा स्थापत्य-अभियंता. मॅक्डॉनल्डने त्याला जमिनीची मोजणी करण्यासाठी बोलाविले. तेव्हा त्याला गोल्फ येत नव्हते. पुढे मॅक्डॉनल्डच्या बरोबर आणि नंतर स्वतंत्रपणे त्याने अनेक मैदाने रचली, आणि बहुतेकांत एक रिडॅन घातले. ब्रिटनमधील मूळ होल त्याने कधी प्रत्यक्ष पाहिली नाहीत असे सांगितले जाते. म्हणजे त्याची रिडॅन ही अनुवादावरून केलेले अनुवाद होत. त्यांच्या कडा सरळ, उतार भूमितीसारखे रेखीव, भराव उघड दिसणारा. येल विद्यापीठाच्या १९२६ च्या मैदानावरील तेरावे होल हे रिडॅनच, पण तेथे टीसमोर पाणी पसरले आहे. नॉर्थ बेरिकच्या माणसाला ते पाहून आपल्या होलची ओळख पटेल की नाही याची शंका आहे. टोला मारल्यावर मात्र पटेल.

रचनेच्या या चिवटपणाला मर्यादाही आहेत, आणि त्या साधनांच्या बदलात सापडतात. नॉर्थ बेरिकचे होल रूढ झाले तेव्हा चेंडू गटापर्चाचे होते. १९११ पर्यंत रबरी गाभ्याचा, अधिक दूर जाणारा चेंडू सर्वत्र आला होता. तेच १९० यार्ड, पण पूर्वी पूर्ण ताकदीने मारावा लागणारा टोला आता तसा उरला नव्हता. गवताची गोष्ट त्याहून गंभीर. नॅशनलला लागूनच असलेल्या शिनेकॉक हिल्सच्या मैदानातील सातवे होल मॅक्डॉनल्ड आणि रेनर यांच्या काळातील रिडॅन आहे. १९३१ मध्ये विल्यम फ्लिन याने त्या मैदानाची पुनर्रचना केली तेव्हाही हे होल राखले. २००४ च्या यू. एस. ओपन स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी हे ग्रीन इतके वाळलेले आणि गुळगुळीत झाले होते की चेंडू त्यावर थांबेना. आरंभीच्या खेळाडूंची दुर्दशा पाहून संयोजकांना दोन जोड्यांच्या मधल्या वेळात त्यावर पाणी मारावे लागले. उतार तोच होता. परंतु ज्या काळात तो आखला गेला त्या काळी गवत इतके आखूड कापले जात नसे. आकार काटेकोरपणे राखून प्रश्न मात्र बदलला जाऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

मूळ नाहीसे झाले तर काय होते, हे 'बिआरित्झ' या दुसऱ्या कुळावरून कळते. फ्रान्समधील बिआरित्झ येथे समुद्राच्या खाडीवरून चेंडू मारावयाचे एक होल होते. मॅक्डॉनल्ड-रेनर यांनी त्याचे नाव घेऊन लांबलचक आणि मधोमध सखल पन्हळ असलेल्या ग्रीनचा एक नमुना रूढ केला. फ्रान्समधील ते होल पुढे नष्ट झाले. आज अमेरिकेत बिआरित्झ अनेक आहेत, बिआरित्झला मात्र एकही नाही.

या सर्वांहून भिन्न अशी अनुकृतीची एक जात आहे. टेक्सास राज्यात ह्यूस्टनजवळ १९९२ मध्ये 'टूर १८' नावाचे मैदान सुरू झाले. अमेरिकेतील प्रसिद्ध होलांच्या हुबेहूब प्रती एकत्र खेळावयास मिळतील, असा त्याचा उघड व्यवसाय. पेबल बीच, पाइनहर्स्ट आणि हार्बर टाउन या मैदानांच्या मालकांनी खटला भरला. १९९६ मध्ये जिल्हा न्यायालयाने आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने दिलेला निर्णय मनन करण्यासारखा आहे. पेबल बीच आणि पाइनहर्स्ट येथील होलांच्या भूमिरचनेला व्यापारचिन्हासारखे संरक्षण नाकारण्यात आले. हार्बर टाउनच्या अठराव्या होलला मात्र ते मिळाले, कारण त्याच्या मागे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा दीपस्तंभ आहे आणि तो पाहताच लोकांना ते स्थळ ओळखू येते. दीपस्तंभाची प्रत काढून टाकण्याचा आदेश झाला. चेंडूच्या गतीशी दीपस्तंभाचा काडीचाही संबंध नाही. कायद्याने जे राखले ते खेळाच्या दृष्टीने गौण, आणि खेळाच्या दृष्टीने जे सर्वस्व ते कायद्याने सर्वांना मोकळे ठेवले. ग्राहकाची फसवणूक हाच न्यायालयापुढील मुद्दा असल्यामुळे यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही. मॅक्डॉनल्डच्या दृष्टीने पाहिले तर या निवाड्याने त्याची बाजूच सिद्ध केली: ओळखीची खूण वेगळी आणि रचनेचा प्राण वेगळा.

अलीकडची एक घटना या विवेचनाला आणखी एक फाटा फोडते. मॅक्डॉनल्ड आणि रेनर यांनी न्यू यॉर्कनजीक लाँग बीच येथे दलदलीत भराव घालून लिडो हे मैदान उभारले होते. १९१७ मध्ये ते खुले झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, जागा नौदलाच्या ताब्यात गेल्यावर, नष्ट झाले. जुनी छायाचित्रे आणि नकाशे यांवरून संगणकाच्या साहाय्याने त्याची प्रतिमा पुन्हा जुळविण्यात आली, आणि टॉम डोक या रचनाकाराने ती अमेरिकेच्या अंतर्भागात, विस्कॉन्सिनमधील वालुकामय प्रदेशात, २०२३ मध्ये प्रत्यक्ष उतरविली. येथे स्वातंत्र्य घेणे हा दोष ठरला असता, कारण मूळ हयात नव्हते. काम रूपांतराचे नव्हते, पाठचिकित्सेचे होते. विखुरलेल्या साधनांवरून हरवलेली संहिता सिद्ध करावी तसे ते झाले. त्या लिडोचे सोळावे होल रिडॅन आहे. म्हणजे एका रूपांतराची ही चिकित्सित आवृत्ती. ज्या मूळाचे ते रूपांतर, ते मूळ मात्र अद्याप जागच्या जागी आहे.

नॉर्थ बेरिकच्या पंधराव्या होलपुढचे टेकाड अजून तसेच आहे. खेळाडू टीवरून टोला मारतो, आणि चेंडू कोठे गेला हे पाहण्यासाठी पुढे चालत जातो.